झाकलेलं ताट

सातवं घर आलं की मला माणसं दिसेनाशी होतात, नुसते टोचायचे दंड दिसतात. पार्बताबाई माझं सातवं घर. अमरावतीत घरोघर नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. राहते तिवशाला. संध्याकाळची सातची बस चुकली की माझे हाल कुत्रा खात नाही. त्या दिवशी सकाळी दोन बिस्किटं पोटात गेली होती, त्यावर नुसता लोकांच्या घरचा चहा.

माझा एक नियम आहे. इन्सुलिन टोचायचं ते जेवणाचं ताट समोर असेल तेव्हाच. टोचलं आणि माणूस जेवलं नाही, तर रक्तातली साखर घसरते, आणि म्हाताऱ्या जिवाला तेवढं पुरतं. नव्या मुलींना मी हे इतक्यांदा सांगितलंय की त्या मागून माझी नक्कल करतात.

पार्बताबाईंकडे पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. अंगणात झेंडूच्या पाकळ्या, दुर्वांच्या काड्या. मुलगा गोवर्धन आणि सून कौशल्या फुलं विकायला गेलेले. फुलवाल्याच्या अंगणात फुलं असणारच, मी कशाला विचार करू? टेबलावर ताट होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. वाढलंय ना, म्हणून मी विचारलं. वाढलंय, त्या म्हणाल्या. मी नोंदवही उघडली, नाव, औषध, मात्रा, वेळ सगळं ताडून पाहिलं, वीस युनिट टोचले आणि सही केली. झाकण तेवढं उचललं नाही.

कोपऱ्यावर गणपतीच्या देवळापुढे ही भली मोठी रांग. तिथेच कौशल्याचा फुलांचा गाडा. दुर्वांच्या जुड्या बांधता बांधता तिनं मला हाक मारली.

“गीतांजली सिस्टर, आज चतुर्थी हाय. आई चंद्र पाहूनच जेवतीन. इंजेक्शन तवाच द्यान ना?”

चंद्र नऊनंतर निघणार होता. आणि मी तर टोचून आले होते. स्टँडकडे जाणारा ऑटो समोर उभा होता. खरं सांगते, क्षणभर मी त्याच्याकडे पाहिलं. मग मागे पळाले.

पार्बताबाई खाटेवर बसल्या होत्या. कपाळावर घाम, हात थरथरत. बोटाला टोचून साखर पाहिली, अठ्ठावन्न. दिवसभराचा उपास, त्यावर माझे वीस युनिट. मी पाण्यात चार चमचे साखर ढवळली, तर त्यांनी तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत एक चतुर्थी मोडली नाही, मागच्या महिन्यात तू ओरडलीस म्हणून या वेळी सांगितलं नाही, आणि ताट देवासाठी वाढलेलंच आहे, मी खोटं कुठे बोलले, असं त्या पुटपुटल्या. मला राग आला. त्यांचा, गणपतीचा आणि सगळ्यात जास्त माझा.

“आजी, चूक माही हाय,” मी म्हटलं. “मी ताट उघडून पाह्यलं नाही. तुमाले काही झालं तर पुन्हा कोनाच्याच दंडाले हात लावनं होनार नाही माह्याच्यानं. प्या.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“तू सकाळपासून काही खाल्लं का?”

“नाही.”

“मंग मले काहून शिकवून राहिली?” त्यांनी पेला ओढून घेतला. “देवाचं मी पाहून घेईन.”

पंधरा मिनिटांनी साखर ब्याण्णव झाली. डॉक्टरांना फोन केला. त्यांना पोटभर जेवू घाला, एकटं सोडू नका, दर अर्ध्या तासानं साखर बघा, ते म्हणाले. मी ताट उघडलं. वरण, भात, पाच मोदक. कौशल्या दुपारीच करून ठेवून गेली होती. पार्बताबाईंनी हात जोडले आणि जेवायला लागल्या.

मी वही काढली तशी त्या म्हणाल्या, लिहू नको, नोकरी जाईल. जाईलही. मी लिहिलं, ‘ताट उघडून पाहिलं नाही. उपाशी पेशंटला इन्सुलिन दिलं. चूक माझी.’

“माहं बी लिह्य,” त्या म्हणाल्या. “पार्बतानं लपोलं म्हनून.”

तेही लिहिलं. सात कधीच वाजून गेले होते. त्यांनी दोन मोदक ठेवून ताट माझ्याकडे सरकवलं. मी एक उचलला, तेव्हा दिसलं, माझाही हात थरथरत होता.