गालातला कापूस

“तोंड उघडा,” ती म्हणाली.

शिंपीकाकांनी नकारार्थी मान हलवली.

“काका, मी काही तुमची सून नाही लाडीगोडी लावायला. उघडा!”

काकांनी तोंड उघडलं. तिने चिमट्याने डाव्या गालातून कापसाचा ओला बोळा काढला. मग दुसरा. काकांचा गाल खड्ड्यासारखा आत बसला.

ती कर्करोगाच्या रुग्णालयात मुखवटे बनवायची. गरम पाण्यात मऊ झालेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबायची. ती कडक झाली की उपचाराच्या वेळी तोच मुखवटा माणसाला टेबलाशी जखडून ठेवतो. अठरा वर्षं हेच काम. डॉक्टरांच्या नावांच्या पाट्या दारादारावर, हिला सगळे म्हणणार ‘मास्कवाली’.

काकांचा जबड्यातला आजार पाच वर्षांनी परत आला होता. साधे किरण त्या जागेला एकदा देऊन झालेले, पुन्हा देता येत नव्हते. उरला होता तो या नव्या यंत्रातला कणांचा झोत. एवढीच शेवटची आशा.

“किती दिवस चाललंय हे?”

“आजच. काल घरी फक्त सराव केला.” काका ओशाळले. “मुखवटा सैल झाला होता गं. बारीक झालो म्हणून तुम्ही उपचार थांबवाल, अशी भीती वाटली. म्हटलं, आपण जन्मभर काय केलं? गिऱ्हाइकाचा खांदा पडका असला की कोटात कापूस भरायचा. माणूस कसा रुबाबदार दिसतो!”

तिला हसू फुटलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

“अहो, हा झोत मोजून ठरलेल्या खोलीवर थांबवतात. मध्ये मांस कमी झालं की तो पुढे जातो. पुढे तुमचा मणका आहे! कापसाला मांस समजायला ते यंत्र काय तुमचं गिऱ्हाईक आहे?”

“म्हणजे थांबवणार?”

तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते घाईत होते.

“एक्स-रेच्या चित्रात हाडं जुळतायत ना? मग झालं. चारच खेपा उरल्यात. जुन्याच मुखवट्यावर उरकून टाका, बाहेर रांग लागलीय.”

“साहेब, गाल उरलेला नाही त्यांना.”

“ते मी बघतो. तू मास्क बघ.”

झोताची आखणी करणारा तरुण तज्ज्ञ शेजारीच संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसून बसला होता. त्याला सगळं कळत होतं. पण शिकल्या-सवरल्या माणसांना कळलेलं बोलायला तोंड लागतं, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी ते घरी ठेवून यायची रीत आहे.

तिने फोन चालूच ठेवून बाजूला ठेवला. तिने टेबलावरून मुखवटा उचलला, मोठी कात्री घेतली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत उभा कापला. कडकड आवाज झाला.

“काय झालं?” फोनमधून विचारणा झाली.

“मुखवटा गेला, साहेब.”

“गेला म्हणजे?”

“मी कापला. आता नवा केल्याशिवाय इलाज नाही. मेमो लिहून ठेवा, जाताना सही करते.”

तिने फोन ठेवला. तज्ज्ञाने पहिल्यांदाच मान वर केली. “दुपारी नवं स्कॅन घेतो,” तो हळूच म्हणाला. “पण आखणीला चार दिवस लागतील, ताई.”

काका कापलेल्या मुखवट्याकडे बघत होते. “तयार मालाला कात्री लावलीस, पोरी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “या चार दिवसांत तो वाढला तर?”

धीराचे चार शब्द तिच्याजवळ होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायची ती. काकांना ते द्यायला तिची जीभ रेटली नाही.

“माहीत नाही, काका.”

काकांनी तिला निरखून पाहिलं. “बरं झालं, खोटं बोलली नाहीस. म्हणजे माप बरोबर घेशील.”

ते आपण होऊन टेबलावर आडवे झाले, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि डोळे मिटले.

तिने गरम पाण्यातून जाळी काढली, निथळली, त्यांच्या चेहऱ्यावर ओढली. कपाळ दाबलं, नाकाची कड दाबली, हनुवटीखाली बोटं फिरवली. डाव्या गालाशी दाबायला काही सापडेना. बोटं आत जात राहिली, थेट दातांच्या रांगेपर्यंत. तिथे तिने तळहात टेकवला. कोमट पाणी काकांच्या कानामागून कॉलरमध्ये ओघळत गेलं. काका तसूभरही हलले नाहीत. जाळी हळूहळू गार होत गेली, हाताखाली कडक होत गेली, आणि त्या खड्ड्याचा आकार तिच्यात जसाच्या तसा उतरला.