धाकूने लावलेल्या पत्रावळी

श्रुतिकाचं लग्न झालं ते प्लॅस्टिकच्या ताटांवर बंदी आली त्याच्या पुढच्या वर्षी. लग्न ठरलं तसं तिच्या आजोबांनी, धाकूने, घरात सांगून टाकलं, "माझ्या नातीचे पाहुणे मी लावलेल्या पत्रावळीवर जेवतील." गिरणी सुटल्यापासून म्हाताऱ्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मुलगा देवेश हो म्हणाला.

गावाहून वडाच्या पानांचे भारे मुंबईत, नाहूरच्या घरी आले. माडाच्या हिराच्या काड्यांनी धाकू पानं टाचायचा आणि थप्पीवर भरलेला सिलिंडर ठेवायचा, म्हणजे पत्रावळ सपाट बसते.

"गिरणीत एवढं राबला असता तर मुकादम झाला असता," बायको रुक्मिणी म्हणायची.

"मुकादमाच्या नातीचं लगीन नाय, माझ्या नातीचं हाय!"

हळदीच्या दिवशी देवेशने बुफे ठेवला. शेजारच्या नितेशने पत्रावळीवर भात आणि वाटाण्याची उसळ घेतली, तोच पान मधोमध वाकलं आणि रस्सा शर्टावर.

"आजोबा, वाट लागली ना यार!"

सगळे हसले. धाकूचा चेहरा उतरला. जन्मभर त्याने पंगतीसाठी पानं लावली होती. कुणी ती हातात धरून उभ्याने जेवेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाबा, उद्या उसाच्या चोथ्याची ताटं आणतो," देवेश हळूच म्हणाला. "तीपण कुजतात."

धाकू थप्प्या आवरू लागला. तेवढ्यात हळदीने माखलेली श्रुतिका पाटावरून उठली.

"पप्पा, पत्रावळीत खोट नाही. आपण उभे राहिलो ती चूक. उद्या पंगत बसवायची."

"अगं, हॉलवाला ऐकेल का?"

"त्याच्याशी मी बोलते. आजोबा, पुरतील ना?"

"तीन पंगती उठव. तरी उरतील!"

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सतरंज्या पडल्या. नवऱ्या मुलाची आत्या कुंदा गुडघे धरत, कुरकुरत खाली बसली आणि रस्सा मात्र तीनदा मागून घेतला. धाकू रांगांमधून वाकून बघत फिरत होता. कुठेही सतरंजीला ओल नव्हती.

"कुठल्या दुकानातल्या हो ह्या?" कुंदाने विचारलं.

"दुकानातल्या नाय. मी लावल्यात," धाकू म्हणाला. पार शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.

पुढच्या माघात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, धाकू वारला. तेराव्याची पंगत लग्नातून उरलेल्या त्याच्याच पत्रावळींवर बसली.