माहेरचं लुगडं

बुधरीचा नागभीडच्या दुकानदारांवर कवडीचा भरवसा नव्हता. पण आज यावंच लागलं. थोरली बहीण चैती पहाटे गेली, आणि माती दिवस मावळायच्या आत द्यायची होती. गेलेल्या बाईच्या अंगावर माहेरचं लुगडं भावानं घालायचं, ते स्वतःच्या पैशाचं, आणि घालताना आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, ही त्यांच्या घरची रीत. दुसऱ्याच्या पैशाचं पोचत नाही. या दोघींना भाऊच नव्हता, म्हणून बुधरी आली.

हिरवं लुगडं पसंत करून तिनं कमरेची पिशवी सोडली, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "रोख बंद आहे बाई. फोननं द्या."

"काऊन? माह्या नोटा खोट्या आहेत का?"

"मालकच घेऊ देत नाई. मी काय करू?"

पैसा नको म्हणणारा दुकानदार! असला मेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. ह्यात नक्कीच काळंबेरं होतं. दुसरं दुकान शोधावं, तर गावाकडची बस सुटायला आलेली.

शेजारी एक ट्रक ड्रायव्हर दुपट्टा घेत होता. तो म्हणाला, "बाई, नोटा मले द्या. मी माह्या फोननं भरतो."

झालं! दोघं मिळालेले आहेत, अशी तिची खात्रीच पटली. तिनं एका हातानं नोटा दिल्या आणि दुसऱ्या हातानं त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला.

"कोणासाठी घेऊन राह्यल्या?" त्यानं विचारलं.

"बहीण गेली माही."

लुगड्याला हात लावून त्यानं तो कपाळाला लावला. हे आणि काऊन, बुधरीला कळेना.

गल्ल्यावरचा माणूस फोन बघत म्हणाला, "आले. पवनकडून आले."

"पवनकडून कसे? पैसे माहे आहेत!"

"फोनात त्याचंच नाव येते बाई."

बसमध्ये तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पैसे आपले, नाव त्याचं. मग चैतीला पोचणार कोणाचं? फसवलंच शेवटी मेल्यांनी.

माती द्यायच्या जागी सगळे तिचीच वाट पाहत होते. तिनं लुगडं उलगडून बहिणीच्या अंगावर घातलं.

"हे बुधरीचं," ती म्हणाली आणि अडखळली. जाणाऱ्या बहिणीशी खोटं कसं बोलायचं?

"अन् पवनचं."

"कोण पवन?" चैतीचा नवरा जंगू चमकला.

बुधरीला त्या ड्रायव्हरचा कपाळाला लावलेला हात आठवला. सकाळपासून आवरून धरलेलं रडू एकदम फुटलं.

"भाऊ आहे तिचा," ती म्हणाली.