फौजीची शिडी धरणारा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. आपली कथा शांतपणे सांगावी म्हणतात. मला जमेल असं वाटत नाही.

सुताराने मला ओल्या लाकडातून घाईघाईने बनवलं. लाकूड वाळलं आणि माझा एक पाय बोटभर आखूड झाला. "खाली कोणीतरी धरायचं, मग काही होत नाही," सुतार खुशाल म्हणाला. अशी शिडी कोण घेणार? फौजीने घेतली.

फौजी सैन्यातून नुकताच आला होता. आला म्हणजे, त्याला काढलं होतं. गोळी खाल्ली तेव्हा तो शूर होता. बराकीतल्या एका जवानावर त्याचा जीव जडलाय हे कळलं आणि तोच माणूस एका दिवसात नालायक ठरला. घरी गेला तर धाकट्या भावाने दार अर्धंच उघडलं. मग त्याने चौकात दुकान घेतलं आणि पाट्या रंगवू लागला. शेजारी एक अबोल शिंपी होता, गळ्यात कायम टेप. तो मला धरायला आला आणि फौजीच्या घरातच राहिला.

वर फौजी, खाली शिंपी, असा आमचा संसार. पोटासाठी पाट्या आणि सुट्टीच्या दिवशी मोर्चाचे फलक. शिंपी कापड शिवायचा, फौजी रंगवायचा आणि मग माझ्यावर चढून भर चौकात सांगायचा, "पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं गुन्हा असेल तर मी गुन्हेगार आहे, या पकडायला." लोकांनी दगड मारले. माझी एक पायरी तेव्हाच फुटली. पोलिसांनी एकदा तर मलाच जप्त केलं. चौकीत हवालदार बल्ब बदलायला माझ्यावर चढला, खाली कोणी धरलं नव्हतं, आपटला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

पुढे त्याच लोकांना फौजीची चित्रं आवडू लागली. मग त्याने दुकानाच्या भिंतीवर, उंचावर, मोठं चित्र काढलं. वर ब्रश घेतलेला तो, खाली त्याच्याकडे बघणारा शिंपी आणि मधे मी. माझा आखूड पायसुद्धा त्याने सोडला नाही.

नंतर फौजी आजारी पडला. दवाखान्यात काय झालं, ते शिंप्याने समोरच्या किराणावाल्या काकूंना सांगितलं आणि मी ऐकलं. नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" शिंप्याने तोंड उघडायच्या आत, तिथे येऊन पोहोचलेला धाकटा भाऊच बोलला, "कोणी नाही. दादाची शिडी धरायचा." आत फक्त घरच्यांना सोडत होते. फौजीने आत प्राण सोडला आणि शिंपी बाहेर बाकावर बसून राहिला. मित्रांनो, माझं नाव पुढे करून त्या माणसाला बाहेर ठेवलं. याचा संताप माझ्या लाकडातून जात नाही.

गेल्या आठवड्यात भाऊ चुन्याची बादली घेऊन आला. दुकान आता कायद्याने त्याचं. म्हणाला, "हे चित्र बरं दिसत नाही. इथे दादाची पाटी लावू. शूर जवान म्हणून." मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. वर्दी हवी होती, माणूस नको होता. आणि तो माणूस पुसायला चढला माझ्याच अंगावर.

तो दोन पायऱ्या चढला आणि मी हलले. तिथूनच त्याने हाक मारली, "अहो, जरा धरा ना."

शिंपी दारात आला. "धरतो. कोण म्हणून धरू?"

"म्हणजे?"

"दवाखान्यात मी कोणी नव्हतो. आज कोण आहे, ते तिथूनच सांग. रस्त्याला ऐकू जाऊ दे."

काकू बाहेर आल्या. गिऱ्हाइकं थांबली. भावाला शिव्या पटकन आल्या असत्या, पण हा एक शब्द काही तोंडातून निघेना. तो खाली उतरला आणि बादली तिथेच टाकून गेला.

टाळ्या वाजवू नका. तो उद्या सरळ पायांची शिडी आणेल.

मला तेल लावा, उन्हापावसात ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. मोडले तर जाळा. पण दवाखान्याच्या बाहेर असा कोणी बाकावर बसलेला दिसला आणि तो कोण हे तुम्हाला माहीत असेल, तर माझ्यासारखे मुके राहू नका. तुम्हाला तोंड आहे. नर्सला सांगा, हाच त्याचा घरचा माणूस आहे, याला आधी आत सोडा.