कागदावरचा कॉम्प्युटर

दोरीची गाठ सुटेना, म्हणून तिने ती कात्रीनेच कापली आणि कॉम्प्युटरच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा जमिनीवर पसरला. रद्दीवाला दारात तराजू घेऊन उभा होता.

"ताई, तीस वर्षांपूर्वीचे अंक हे. आता कोण वाचणार?"

"एकदा चाळते आणि देते."

मधल्या पानांवर सुट्या भागांच्या दुकानाची जाहिरात होती. भावांपुढे पेन्सिलीच्या खुणा. दादाच्या बारीक, तिच्या ठसठशीत. दर महिन्याला दोघं जमिनीवर पालथी पडून स्वतःचा कॉम्प्युटर जुळवत. या दुकानातला बोर्ड, त्या दुकानातला कीबोर्ड. भाव उतरले, की दादा हावरटासारखी मेमरी वाढवायचा आणि बेरीज पुन्हा हाताबाहेर जायची. तो कॉम्प्युटर घरी कधी आलाच नाही. पण कागदावर त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता.

पुढे आई गेली आणि घर विकण्यावरून बहीणभावांत वाजलं. ती मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात तिची हयात गेली, पण त्या दिवशी तोंडून गेलेला शब्द काही तिला मागे घेता आला नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

अंक मांडीवर तसाच ठेवून तिने फोन लावला.

"हॅलो, कोण?"

आवाज केवढा म्हातारा झाला होता! समोर पान उघडं होतं, त्यावरचंच तिने विचारलं.

"चाळीस एमबीची हार्ड डिस्क कितीला?"

फोन ठेवला की काय, म्हणून तिने तो कानाशी आणखी दाबला.

"साडेनऊ हजार," दादा म्हणाला. "वर कर वेगळा. त्या लबाडाने तो खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलाय बघ."

तिने पाहिलं. होता.

"आणि मॉनिटर?"

"काळा-पांढरा धरला होता आपण." तो घुटमळला. "तुला रंगीत हवा होता. मीच अडून बसलो."

तिने पदराने नाक पुसलं. रद्दीवाला दुसरीकडे बघू लागला.

"आहेस ना गं?"

"आहे."

"मग वाच की पुढे."

जाहिरात तिथेच संपत होती. तिने पान उलटलं. वाचकांचा पत्रव्यवहार होता. ती पहिल्या पत्रापासून सावकाश वाचू लागली.