मुराळी वाजलाच नाही

माझ्या बहिणीला, सायलीला, लासलगावला दिली तेव्हा सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. कांद्याचे व्यापारी, दोन ट्रक, दारात गाडी. कसलं नशीब नि कसलं काय! महिन्याभरात तिची सासू, यशोदाबाई, तिचा फोन चाळायला लागली. आमचा फोन गेला की तो स्पीकरवर. बरी आहेस का? बरी आहे. झालं, संपलं बोलणं.

एक गोष्ट मात्र त्या बाईच्या नजरेतून सुटली, ती म्हणजे गेम. नाशिक रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या एका जुन्या मशीनवर मी ठोकळ्यांच्या एका गेमचा सर्व्हर चालवतो. गेम फुकट, त्याचा कोड सगळ्यांना उघडा. गावोगावची माणसं एकाच जगात येऊन घरं बांधतात, शेती करतात. ज्याला जे हवं, त्याचा तो मॉड, म्हणजे छोटासा जोड-प्रोग्राम, लिहून जोडतो. कुणी गायी आणल्या, कुणी दारं, कुणी कांदे आणि द्राक्षं. सायली सासरीही मोबाईलवर खेळायची. यशोदाबाई नावं ठेवायची, पण पोरखेळ म्हणून सोडून द्यायची. सायलीचा दीरही आमच्याच सर्व्हरवर यायचा, त्यामुळे तिथंही काही लिहून सांगायची सोय नव्हती.

म्हणून पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं माझ्याकडून एक मॉड लिहून घेतला. नाव ठेवलं मुराळी. आमच्यात लेकीला माहेरी न्यायला भाऊ जातो, तो मुराळी. सून स्वतःहून जायचं म्हणत नाही. पण मुराळी दारात आला की त्याला रिकाम्या हातानं कुणी परत लावत नाही. गेममधल्या आमच्या घराच्या ओट्यावर एक पेटी होती. सायलीनं तिच्यात कांदा टाकला की माझा फोन वाजणार. कांदाच का, असं मी विचारलं, तर म्हणाली, कांद्यानं डोळ्यात पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही. मी हसलो. ती हसली नाही. नवरा हात उचलतो, हे मला तेव्हा कळलं.

“दादा, कांदा पडला की काही विचारू नकोस,” ती म्हणाली. “फक्त ये.”

माझं टाळकंच सरकलं. मी तिला परत पाठवायलाच तयार नव्हतो. आई म्हणाली, पहिलं वर्ष आहे, होईल नीट. सायलीही मुकाट्यानं गेली.

तेव्हा सर्व्हरवर अशी सोय होती की फोल्डरमध्ये जो मॉड असेल तो सुरू होतानाच आपोआप लोड व्हायचा. आव जाव घर तुम्हारा. ज्यांना मी फोल्डर उघडून दिलं होतं, त्यातल्याच एका दीडशहाण्यानं आगीचा मॉड टाकला आणि गेममधलं अर्धं गाव जाळलं. मी संतापलो. आपोआप आता काहीच नको म्हटलं. सेटिंग बदललं, मी यादीत ज्याचं नाव लिहीन तोच मॉड चालणार. जुनी प्रत लावून गाव पुन्हा उभं केलं आणि नावं लिहीत बसलो. गायी गायब झाल्या, कुणीतरी ओरडलं, नाव लिहिलं. दारं उघडेनात, लोक ओरडले, नाव लिहिलं. मुराळीसाठी कोण ओरडणार? तो एकदाही वाजला नव्हता. पेटी तर मूळ गेममधलीच, ती नेहमीसारखी उघडत होती. रडल्याशिवाय आईही पाजत नाही म्हणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि मला पत्ताच नाही.

सायली गेममध्ये येत राहिली. मी लिहायचो, काय चाललंय. ती लिहायची, बरं आहे. फोन वाजत नाही म्हणजे पोरगी सुखात आहे, असं समजून मी निवांत होतो.

दिवाळी तोंडावर आली आणि सायली गेममध्ये दिसेनाशी झाली. वाट बघून बघून मी ओट्यावरची पेटी उघडली. प्रत्येक खणात एकेक कांदा. एकही खण रिकामा नव्हता. सेटिंग उघडून बघितलं. मुराळीचं नाव मी लिहिलंच नव्हतं.

शटर ओढलं आणि मोटरसायकलवरून तडक लासलगाव गाठलं. यशोदाबाई म्हणाली, असे अचानक? बसा, चहा घ्या. मी म्हणालो, मुराळी आलोय, बहिणीला घेऊन चाललो. जावई पुढे आला, पण माझं तोंड बघून बाजूला झाला. सायली आतून आली ती साधी पिशवीसुद्धा न घेता. डावं मनगट सुजून काळंनिळं झालेलं, पदराखाली धरलेलं.

निफाडला मी गाडी थांबवली. तिथं दवाखान्याच्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. आगीचा मॉड, बदललेलं सेटिंग, राहून गेलेलं नाव. सांगता सांगता मला रडू फुटलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

“दादा, तू तिथंच असायचास रे, ओट्यावर,” ती म्हणाली. “मी कांदा टाकायचे, आणि तू विचारायचास, काय चाललंय. मला वाटलं, तुलाही आता आईसारखंच वाटतंय. होईल नीट.”

आतून तिचं नाव पुकारलं. मी उठायला लागलो, तर म्हणाली, बस तू, जाईन मी एकटी. आणि गेली.