वरून ओतलेलं पाणी

"पोथी माही हाये! तुले एक अक्षर तरी येते का बे वाचता?"

"नाई येत, दादा. मनून तं मांगून राहिलो. तिकडे कोणी वाचून दाखवीन मले."

"तिकडे म्हंजे अकोल्याले. पाद्रीसायबानं बलावलं अन् तू निघाला! हे सारं तुले शिकवलं कोणं, ते सांगतलं का त्यायले?"

"सांगतलं ना. माह्या दादानं."

हे ऐकून तर देवीदास आणखीच जळला.

अमरावतीच्या वेशीबाहेर, विहिरीच्या धावेवर दोघं भाऊ भांडत होते. बरोबर बोलायचं तर देवीदास भांडत होता, धाकटा पंजाब नुसता उभा होता. मोट हाकत होते महादेवकाका, जातीतले पंच. विहिरीत अर्धा वाटा त्यांचा. बैलांपेक्षा त्यांचेच कान जास्त टवकारलेले.

पोथी देवीदासानंच बाजारातून आणली होती. येशूची गोष्ट धाकट्याला वाचून दाखवली ती त्यानंच. विश्वासही आधी त्याचाच बसला. फक्त बाप्तिस्मा राहिला. तेवढ्यात तिकडे अमेरिकेत लढाई पेटली अन् इकडे वऱ्हाडात कापूस सोन्याच्या भावानं जायला लागला. देवीदासानं वांगी, मेथी उपटून सारी बाग कापसाखाली घातली. बाटला असता तर वेचायला एक बाई आली नसती. "एवढा कापूस निघू दे, मंग घेतो," म्हणता म्हणता तीन हंगाम गेले.

पंजाब थांबला नाही, त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याला जातीनं वाळीत टाकलं, गावची विहीर बंद झाली. भावाच्या विहिरीवरही वरून ओंजळीत ओतलेलं घोटभर पाणीच मिळायचं. नदीच्या झिऱ्याचं गढूळ पाणी पिऊन उन्हाळा काढला, अन् पटकीनं सहा वर्षांचा गोवर्धन गेला. खांदा द्यायला माणूस नाही. बायकोला, सुभद्रेला, तिचे भाऊ बार्शीटाकळीला घेऊन गेले.

आता हा येईल, पंचांच्या पाया पडेल, असं देवीदासाला वाटत होतं. खरं तर तो वाटच पाहत होता. पण झोपडीतून ऐकू यायचं ते गाणं. ज्याचं सगळं गेलं तो गात होता, अन् ज्याचं घर भरलं त्याची प्रार्थना ओठांच्या पुढे सरकत नव्हती. आपला देव धाकट्यानं उचलून नेला, असं त्याला वाटायचं.

"खरं सांग," तो खेकसला. "तुले मिळालं काय बे? पोरगं गेलं, बायको गेली. कशाच्या जोरावर गाऊन राहिला?"

पंजाब दगडावर टेकला. "गोवर्धनाले घेऊन गेलो त्या दिवशी म्या येशूले शिव्या देल्या. खड्डा खणता खणता लई देल्या. मंग वाटलं, बाजूले कोणीतरी येऊन उभं रायलं. मले वाटलं, दादा आला."

देवीदास आला होता. कापसाच्या पऱ्हाटीत दडून, हातातला विळा घट्ट धरून त्यानं सगळं पाहिलं होतं. बाहेर पडला नव्हता.

"मांगं पायलं तं कोणीच नाई. पण एकटं नाई वाटलं. येशूले बी मरताना त्याच्या माणसायनं असंच सोडलं होतं, तू वाचलं होतं पाय. तवर मी नुसतं आयकत होतो दादा. त्या दिवशी तो भेटला. तो उठला मरणातून, तं माहं पोरगं बी त्याच्यापाशी असन. सुभद्रा बी येईन. निरोप नाई आला तिचा, पण अकोल्याहून बार्शीटाकळी जवळ हाये. वाट पाहीन."

देवीदासाला त्या खड्ड्याचा हेवा वाटला. पुतण्याच्या खड्ड्याचा! त्याची त्यालाच लाज वाटली, पण हेवा काही जाईना.

"ठेव तुही पोथी," पंजाब उठला. "पोराच्या खड्ड्यावर जातो, मंग कापसाच्या गाड्यायसंग निघतो. पाणी दे घोटभर." सवयीनं वाकून त्यानं ओंजळ तोंडाशी धरली.

देवीदासानं तांब्या भरला. हात वर गेला अन् तिथंच राहिला.

"ओंजळ सोड."

"आं?"

"सोड मनतो ना बे! तांब्या धर!"

मोट अर्ध्यावर लटकली. पंजाबनं भीत भीत तांब्याला तोंड लावलं. उरलेलं पाणी देवीदासानं हिसकून घेतलं अन् त्याच तांब्यानं घटाघटा पिऊन टाकलं.

"अबे, येडा झाला काय, देवीदास!" महादेवकाका ओरडले. "उद्या वेचाले कोण येईन तुह्या वावरात? विहिरीवर पाय नाई ठेवू देनार तुले!"

कापूस फुटून वावर पांढरंशुभ्र पडलं होतं. देवीदासानं एकदा तिकडे पाहिलं. मग त्यानं पोथी काखेत मारली.

"दादा, तू कुठी?"

"खड्ड्यावर. तुले वाचता येते का? मंग वाचाले कोणी पायजे ना! चाल पुढे." तो काकांकडे वळला. "काका, जे बोलायचं ते मंग बोला. मले आता निघा लागते."